लवकर सुरू होणारा गेमिंग पीसी: सुटे भाग निवडण्यापासून पहिल्या बूटपर्यंत

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत १५ ते २५ सेकंद, हे घरी जोडलेल्या आजच्या गेमिंग पीसीसाठी वाजवी लक्ष्य आहे. तितक्याच ताकदीचे भाग घेतलेलं दुसरं मशीन मात्र सव्वा मिनिट काळा पडदा दाखवत बसतं, आणि मग माणूस आणखी महाग एसएसडी शोधायला लागतो. दोष बहुतेक वेळा एसएसडीचा नसतोच. सुरू होण्यातला निम्मा वेळ, कधी त्याहूनही जास्त, एसएसडीवरचं पहिलं अक्षर वाचलं जाण्याआधीच खर्च झालेला असतो. तो वेळ रॅम, मदरबोर्ड आणि बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरच्या) चार-पाच सेटिंग्सवर ठरतो. म्हणून भाग निवडायच्या आधी वेळ कुठे जातो ते बघू.

१. वेळेचा हिशेब आधी समजून घ्या

पीसी सुरू होण्याचे तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा बायोसचा. आजच्या बोर्डांवर खरं तर यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात, इथेही तेच म्हणू. यात रॅम ओळखून तिचं ट्रेनिंग होतं (ते काय, ते चौथ्या पायरीत येईल), ग्राफिक्स कार्ड जागं होतं, यूएसबीवर काय काय लावलंय ते तपासलं जातं, डिस्क शोधल्या जातात. विंडोजला अजून हातही लागलेला नसतो.

दुसरा टप्पा विंडोज लोड होण्याचा. बूटलोडर, कर्नल, ड्रायव्हर, लॉगिनचा पडदा. एसएसडीचा संबंध मुख्यतः इथे येतो.

तिसरा टप्पा लॉगिननंतरचा. डेस्कटॉप दिसतो, पण गेमचे लाँचर, दिव्यांचं सॉफ्टवेअर, चॅटची अ‍ॅप्स अजून उघडत असतात. मशीन ‘सुरू झालं’ असं वाटतं, पण वापरता येत नाही.

तुमचं आत्ताचं मशीन संथ असेल, तर नवे भाग घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अ‍ॅप्सच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ बघा. पहिल्या टप्प्याला किती सेकंद लागले, ते तिथे दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. एएमडीच्या मशीनवर रॅमचं ट्रेनिंग मुख्य कोर जागे होण्याआधी प्रोसेसरमधला एक छोटा सुरक्षा प्रोसेसर उरकतो, त्यामुळे तो वेळ या आकड्यात येईलच असं नाही. मोबाइलचा स्टॉपवॉच जास्त विश्वासाचा.

२. खरेदी आणि जोडणीआधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

- मदरबोर्डच्या मॅन्युअलची पीडीएफ. बोर्ड विकत घेण्याआधीच उतरवून घ्या, नंतर नाही.
- त्या बोर्डाची प्रोसेसर सपोर्ट यादी. कुठला प्रोसेसर बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून चालतो, हे तिच्यात असतं.
- त्याच बोर्डाची तपासलेल्या रॅमची यादी. तिला क्यूव्हीएल म्हणतात.
- किमान ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह विंडोजसाठी, आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला दुसरा, बायोस अपडेटसाठी.
- चुंबकी टोकाचा २ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, आणि एम.२ एसएसडीच्या (बोर्डावर थेट बसणाऱ्या पट्टीच्या) बारीक स्क्रूसाठी एक छोटा.
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड.
- प्रत्येक भागाच्या सिरीयल नंबरचा फोटो आणि बिल. जोडणी झाल्यावर हे नंबर कूलरखाली आणि कॅबिनेटच्या कोपऱ्यात दडतात, आणि वॉरंटीच्या वेळी नेमके तेच विचारतात.

३. प्रोसेसर आणि सॉकेट

प्रोसेसर किती वेगवान आहे, याचा बूटच्या वेळेवर फारसा परिणाम होत नाही. तो कुठल्या सॉकेटचा (बोर्डावर तो बसतो त्या जागेचा), याचा होतो, कारण सॉकेटवरून रॅमचा प्रकार ठरतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ ही रॅमची आधीची पिढी चालते. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर बोर्डाप्रमाणे दोन्हींपैकी एक, आणि २०२४मध्ये आलेल्या एलजीए१८५१वर फक्त डीडीआर५. बोर्ड डीडीआर४चा असेल तर डीडीआर५ची स्टिक (रॅमची पट्टी) त्यात बसणारच नाही, दोघींची खाच वेगळ्या जागी आहे.

डीडीआर४चं ट्रेनिंग चटकन उरकतं, म्हणून एएम४चं मशीन कुठलीही खटपट न करता लवकर उठतं. तेवढ्यासाठी आज नवं मशीन जुन्या सॉकेटवर बांधणं मात्र पटत नाही. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे, आणि त्याच्या संथ बूटवर इलाज आहे. तो पुढे येतोच.

गेमिंगसाठी ६ कोर आणि १२ थ्रेड ही खालची पायरी धरा: एएमडीचा रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या जवळपासचा इंटेल. बजेट मोकळं असेल तर रायझन ७ ७८००एक्स३डीसारखे ८ कोरचे प्रोसेसर घ्या. त्यांच्यातली ९६ एमबी एल३ कॅशे गेममध्ये खरोखर जाणवते, कारण सारखा लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता तिथेच सापडतो.

दोन गोष्टींवर लोक हमखास अडखळतात. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर त्यात पडद्यावर चित्र दाखवणारं अंगभूत ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ७५००एफचंही तसंच, आणि एएम४वरच्या, नावात जी नसलेल्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरचंही. गेमिंगला त्याने अडत नाही, पण ग्राफिक्स कार्ड बंद पडलं तर दोष कार्डाचा की बोर्डाचा हे तपासायला दुसरा मार्ग उरत नाही. फरक थोडाच असेल तर ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. दुसरी गोष्ट, इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घेणार असाल, तर पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करा. या चिपांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमचं नुकसान होण्याचा दोष होता. त्यावरचा ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड) इंटेलने सप्टेंबर २०२४मध्ये दिला आणि तो बायोसमधूनच येतो.

४. रॅम: बूटचा वेळ सगळ्यात जास्त इथे ठरतो

डीडीआर५-६००० रॅममध्ये एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात, म्हणजे एका बिटच्या वाट्याला साधारण १६७ पिकोसेकंद येतात. एवढ्याशा खिडकीत बोर्डावरच्या तारेच्या लांबीतला किंचित फरक, तापमान, व्होल्टेज, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून मशीन सुरू होताना मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवर वेगवेगळे विलंब आणि व्होल्टेज लावून बघतो, आणि बिट न चुकता वाचता येईल असा मधला बिंदू शोधतो. हेच मेमरी ट्रेनिंग. स्टिक जास्त, क्षमता जास्त, वेग जास्त, तर हे कामही जास्त.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर एएम५चं मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवू शकतं. पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅम लिहिलेला दिवा जळत राहतो आणि बाकी काहीच घडत नाही. इथेच नवखा माणूस घाबरून वीज बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. पहिल्या वेळी किमान १० मिनिटं हात लावू नका. बायोस अपडेट केल्यावर, रॅम बदलल्यावर किंवा बायोसची सेटिंग्स पुसल्यावरही हीच वाट बघावी लागते.

ट्रेनिंगचा निकाल साठवून ठेवता आला, तर प्रत्येक वेळी ते सगळं करावं लागत नाही. त्याचं सेटिंग दहाव्या पायरीत आहे. पण साठवलेला निकाल दुसऱ्या दिवशीही जसाच्या तसा चालायला हवा, आणि ते रॅम कशी निवडली त्यावर अवलंबून असतं. म्हणून हे नियम पाळा.

दोनच स्टिक घ्या. ३२ जीबी हवी तर १६च्या दोन, ६४ हवी तर ३२च्या दोन. ‘आत्ता दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू’ हा डीडीआर४च्या काळातला हिशेब डीडीआर५ला लागू पडत नाही. रायझन ७०००साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२००, रायझन ९०००साठी ५६००, आणि चार स्टिक लावल्यावर दोन्हींसाठी फक्त ३६००. चारही स्लॉट भरले की वेग पडतो, ट्रेनिंग लांबतं आणि स्थिरताही डळमळते.

दोन्ही स्टिक एकाच पाकिटातल्या हव्यात. तोच ब्रँड, तोच वेग, तरी वेगळी घेतलेली दुसरी स्टिक आतून वेगळ्या चिपांची असू शकते. सुट्या दोन घेऊन जोडी जमवू नका.

रायझनसाठी डीडीआर५-६०००, सीएल३० (विलंबाचा आकडा, कमी तितका चांगला) आणि एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे जाहीर वेगाची तयार सेटिंग्स, असलेली रॅम घ्या. एक्स्पो हे एएमडीचं, एक्सएमपी इंटेलचं. ८००० वगैरे वेगाच्या रॅमकडे नवख्याने वळू नये. रायझनवर त्या वेगाला मेमरी कंट्रोलर अर्ध्या गतीला उतरतो, गेममध्ये हाती फार काही लागत नाही, आणि ट्रेनिंग फसण्याची शक्यता मात्र वाढते. बोर्डाच्या क्यूव्हीएलमध्ये त्या रॅमचा पूर्ण मॉडेल नंबर आहे ना, ते अक्षर-अक्षर जुळवून बघा. एकाच नावाखाली चार प्रकार विकले जातात.

स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि रॅमची वाट निम्मी होते. गेममध्ये फ्रेम अचानक गळायला लागतात, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

५. मदरबोर्ड

एकाच चिपसेटच्या (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या) दोन बोर्डांमध्ये पहिल्या टप्प्याला लागणाऱ्या वेळात कित्येक सेकंदांचा फरक असू शकतो. तो बायोस किती नीट लिहिला आहे यावर अवलंबून असतो, आणि खोक्यावर ते कुठे छापलेलं नसतं. चांगली परीक्षणं बूटचा वेळ मोजून देतात, ती शोधा. बोर्डाच्या डाउनलोड पानावर बायोसच्या आवृत्त्यांची यादीही वाचा. नव्या आवृत्त्या नेमाने येत असतील आणि त्यात मेमरीच्या सुधारणांचा उल्लेख असेल तर बोर्ड चांगल्या हातात आहे.

बोर्डावर जितके जादा कंट्रोलर, तितकं बायोसला जागं करायचं काम जास्त. दोन लॅन पोर्ट, जादा साटा चिप (साटा ही डिस्क जोडण्याची जुनी पद्धत), थंडरबोल्ट हे लागणारच नसेल तर घेऊ नका. एक्स६७०ई बोर्डावर चिपसेटच्या दोन चिप असतात, बी६५०वर एक. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडींच्या गेमिंग मशीनला बी६५० किंवा बी८५० पुरतो.

बोर्डात मी ज्यांचा आग्रह धरेन अशा दोन गोष्टी आहेत. एक, बायोस फ्लॅशबॅकचं बटण. बोर्ड गोदामात जुन्या बायोससह पडून राहिलेला असेल आणि तुमचा प्रोसेसर त्यानंतरचा असेल, तर मशीन पडदाच दाखवत नाही. उदाहरणार्थ, जुना बी६५० बोर्ड आणि रायझन ९०००. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावताही, फक्त वीज आणि पेनड्राइव्ह जोडून बायोस अपडेट होतो. फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलं असेल तसंच ठेवा, नाहीतर दिवा थोडा लुकलुकून थांबतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसर, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार निदान-दिवे. मशीन अडलं की जो दिवा जळत राहतो तिथे दोष. हे दिवे नसले तर अंदाजाने एकेक भाग काढून बघावा लागतो.

मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉटचं कोष्टक नीट वाचा. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की दोन साटा पोर्ट बंद होतात. इंटेलच्या काही बोर्डांवर पाचव्या पिढीच्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) ८ होतात. डिस्क ‘सापडत नाही’ किंवा कार्ड ‘अर्ध्या ताकदीने चालतं’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या कोष्टकात असतं.

६. एसएसडी

साध्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याइतका मोठा फरक दुसरा कुठलाच नाही. हार्ड डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला ८ ते १० मिलिसेकंद घेतं, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल इकडून तिकडून वाचते. एसएसडीला असं हलावं लागत नाही.

पण एकदा एनव्हीएमई (साटाऐवजी वेगवान पीसीआयई लेनवर चालणारी एसएसडी) घेतली की खोक्यावरच्या आकड्यांमागे धावू नका. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबी, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५००, चौथ्या पिढीची ७,०००, पाचव्या पिढीची १४,०००पर्यंत. हे सगळे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे. बूटच्या वेळी ४ केबीचे छोटे तुकडे एकामागून एक वाचले जातात, आणि त्या कामात चांगली एनव्हीएमईसुद्धा सेकंदाला १०० एमबीच्या आसपास किंवा खालीच राहते. म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या पिढीमधला बूटचा फरक जेमतेम सेकंदभराचा. चौथ्या पिढीची, टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी), किमान १ टीबीची एसएसडी घ्या आणि उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. पाचव्या पिढीच्या एसएसडी तापतातही जास्त, त्यांना मोठा हीटसिंक लागतो.

एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते. दिसायला तशीच, पण साटावर चालणारीही मिळते, आणि काही स्लॉट तिला ओळखतच नाहीत. नावात ‘एनव्हीएमई’ लिहिलेलं आहे का ते बघा. विंडोजची एसएसडी बोर्डाच्या पहिल्या एम.२ स्लॉटमध्ये लावा, तो बहुतेक बोर्डांवर थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. तिची १५ ते २० टक्के जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो.

जुनी हार्ड डिस्क ‘फोटोंसाठी असू दे’ म्हणून आत लावणार असाल तर थांबा. बायोस तिची तबकडी फिरू लागेपर्यंत वाट बघतो, म्हणजे प्रत्येक बूटमागे काही सेकंद. ती बाहेरच्या यूएसबी पेटीत ठेवा आणि लागेल तेव्हाच जोडा.

७. ग्राफिक्स कार्ड

बूटच्या दृष्टीने एवढंच बघा, की कार्ड यूईएफआयला साथ देणारं हवं. २०१४नंतरची जवळजवळ सगळी कार्डं तशी आहेत. त्याहून जुनं कार्ड उधार-उसनवार लावलंत तर बायोसमध्ये सीएसएम हा जुना मार्ग चालू ठेवावा लागतो, बूट लांबतो, आणि विंडोज ११चा सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालत नाही.

गेमसाठी आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची स्वतःची रॅम, बघा. १०८०पी रिझोल्यूशनला ८ जीबी आता काठावर आहे, १४४०पीला १२ आणि निर्धास्त राहायचं तर १६. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००सारखी कार्डं फक्त ८ लेन वापरतात. पीसीआयई ३.०च्या जुन्या बोर्डावर ती लावली आणि व्हीरॅम भरली, की गेम अडखळतो.

८. एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट

एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीचा, हिशेब सोपा आहे: प्रोसेसरचे वॅट, कार्डाचे वॅट, बाकी सगळ्याचे १००, आणि वर तिसरा हिस्सा मोकळा. रायझन ७ ७८००एक्स३डीचे १२० आणि आरटीएक्स ५०७०चे २५०, अधिक १००, झाले ४७०. म्हणजे ६५० वॅट. ८० प्लस गोल्ड हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतली बांधणी कशी आहे ते नाही. त्यासाठी उघडून तपासलेली परीक्षणं वाचा.

इथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तर भाग जळतात. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला कधीही लावू नका, त्याच कंपनीचं असलं तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना सगळीकडे सारखी नसते. कनेक्टर अगदी व्यवस्थित बसतो आणि एसएसडीच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट जातात.

कूलर मध्यम आकाराचा, हवेवर चालणारा टॉवर पुरतो. त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का आणि रॅमवर पंखा येतो का, ते मोजा. तळाची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरू नका. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवा.

९. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावर सुरू करून बघा

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, दोन रॅम स्टिक आणि एसएसडी लावा, २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल जोडा. प्रोसेसरची ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिन दिसायला सारख्या, पण वेगळ्या आहेत. केबलवर लिहिलेलं वाचा, जोर लावून बसवू नका. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डाशिवायच बोर्डाला मॉनिटर जोडा, नसेल तर कार्डही लावा. मग बटण, आणि ती १० मिनिटांची वाट. बायोसचा पडदा दिसला आणि रॅमची पूर्ण क्षमता दिसली, की पुढची जोडणी करा. कॅबिनेटमध्ये सगळं बसवल्यावर दोष शोधण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त आहे.

१०. बायोसमधली सेटिंग्स

क्रम पाळा. एकेक बदल करा, सेव्ह करा, मशीन एकदा सुरू होऊ द्या, मग पुढचा.

आधी बायोस नव्या स्थिर आवृत्तीवर न्या. बीटा असं लिहिलेली आवृत्ती कारण असल्याशिवाय घेऊ नका.

मग एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करा. हे न करता रॅम तिच्या मूळ, कमी वेगावरच चालत राहते.

एएम५वर आता ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू करा, आणि सोबत ‘पॉवर डाउन एनेबल’ही. पहिलं ट्रेनिंगचा निकाल साठवून पुढच्या वेळी वापरतं. दुसरं बंद ठेवून फक्त पहिलं चालू केलं तर काही बोर्डांवर निळे पडदे (विंडोज कोसळल्याची खूण) यायला लागतात, म्हणून दोघांची जोडी तोडू नका. इंटेलच्या बोर्डांवर याच कामाचं सेटिंग ‘मेमरी फास्ट बूट’ किंवा ‘एमआरसी फास्ट बूट’ नावाने असतं. त्यानंतर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी पेनड्राइव्हवरून चालवून पूर्ण चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक दिसली तरी रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. चुकणारी रॅम विंडोजच्या फाइल हळूहळू बिघडवत राहते, आणि लवकर बूट होण्यासाठी ती किंमत मोजण्यात अर्थ नाही.

सीएसएम बंद. सिक्युअर बूट चालू. टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) चालू, एएमडीवर त्याचं नाव एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी. विंडोज ११ला टीपीएम आणि सिक्युअर बूटची सोय लागतेच, आणि व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११वर सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० असल्याशिवाय सुरूही होत नाहीत. रिसायझेबल बारही (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) चालू करा, त्यासाठी सीएसएम बंद असावंच लागतं.

नेटवर्क बूट बंद करा, बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवा. काही बोर्डांवर लोगो दाखवण्यासाठी काही सेकंद मुद्दाम थांबण्याचं सेटिंग असतं, ते १ सेकंदावर आणा. शून्य करू नका, नाहीतर बायोस उघडण्यासाठी डिलीट दाबायला वेळच मिळत नाही.

शेवटी फास्ट बूट. साधा फास्ट बूट चालू करायला हरकत नाही. ‘अल्ट्रा फास्ट’ मात्र टाळा. त्यात यूएसबी जागंच होत नाही, कीबोर्ड विंडोज आल्यावरच चालतो, आणि बायोसमध्ये शिरायचं तर विंडोजच्या रिकव्हरी पर्यायातून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्सकडे जावं लागतं. विंडोजच सुरू होत नसेल तर बायोसची सेटिंग्स पुसण्याशिवाय गत्यंतर नाही. वाचलेला एक सेकंद त्या मोलाचा नाही.

सगळं जमलं की ही सेटिंग्स बायोसमध्येच प्रोफाइल म्हणून साठवा आणि पडद्यांचे फोटो काढा. बायोस अपडेट झाला की सेटिंग्स मूळपदावर जातात.

११. विंडोज बसवताना

विंडोज बसवताना फक्त एकच डिस्क जोडलेली ठेवा. दुसरी डिस्क लावलेली असेल तर विंडोज कधी कधी बूटचा छोटा विभाग तिच्यावर तयार करतं. मग विंडोज वेगवान एसएसडीवर, पण बूट सुरू होतो जुन्या हार्ड डिस्कवरून. काही महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. पेनड्राइव्ह बूट मेनूमधून निवडताना यूईएफआय लिहिलेली ओळ घ्या, म्हणजे डिस्क यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीने तयार होईल.

चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर उत्पादकाच्या पानावरून घ्या. मग टास्क मॅनेजरमधून गेमचे लाँचर, चॅटची अ‍ॅप्स, ब्राउझर आपोआप उघडणं बंद करा. पंखे आणि दिव्यांची सॉफ्टवेअर सगळ्यात आधी तपासा. बरेचसे दिवे रंग एकदा साठवून ठेवतात, त्यांना रोज प्रोग्राम लागत नाही.

विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’चा बायोसच्या फास्ट बूटशी संबंध नाही. हे चालू असताना शट डाउन केलं की कर्नल आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवले जातात, मशीन पूर्ण बंद होत नाही. खरा नवा प्रारंभ रीस्टार्टमध्ये होतो. हार्ड डिस्कच्या काळात याचा फायदा मोठा होता, एनव्हीएमईवर तो थोड्या सेकंदांचा उरतो. सोबत लिनक्स बसवणार असाल तर हे बंदच ठेवा, नाहीतर लिनक्सला विंडोजचा विभाग लिहिण्यासाठी उघडता येत नाही. एखादा भाग बदलण्याआधी शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं.

डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर किंवा टीपीएमला हात लावल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर डिस्कवरचं सगळं हातचं जातं.

१२. मोजा, आणि संथ असेल तर इथे बघा

मशीन पूर्ण बंद करा, स्टॉपवॉच लावा, तीन वेळा मोजा. बटणापासून लोगोपर्यंत, लोगोपासून लॉगिनपर्यंत, लॉगिननंतर पहिला गेम उघडेपर्यंत, असे तीन आकडे वेगवेगळे लिहा.

लोगोआधीचा काळा पडदा रोज अर्धा-पाऊण मिनिट टिकत असेल, तर रॅमचं ट्रेनिंग दर वेळी होतंय. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू आहे का ते बघा. चालू असूनही फरक नसेल तर बायोस जुना असू शकतो, किंवा रॅमचा वेग एक पायरी उतरवावा लागेल. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली असली तरी भिंतीवरचं बटण बंद केल्यावर घड्याळ मागे जातं आणि काही बोर्डांवर सेटिंग्सही पुसली जातात. ही बॅटरी बदलणं दोन मिनिटांचं काम आहे.

लोगोवरच मशीन रेंगाळत असेल तर सगळी यूएसबी उपकरणं काढा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा आणि पुन्हा मोजा. बाहेरची डिस्क, कार्ड रीडर, बरेच पोर्ट असलेला हब, यांतलं कोणी ना कोणी सापडतं. एकेक परत जोडत गेलात की दोषी उपकरण कळतं.

लोगोनंतर, लॉगिनच्या आधी वेळ जात असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सच्या नोंदी उघडा. क्रमांक १०० या नोंदीत बूटचा वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि १०१पासून पुढच्या नोंदींमध्ये कुठल्या प्रोग्रामने किंवा ड्रायव्हरने उशीर केला त्याचं नाव असतं.